नव्याण्णवचा वर्ग

१५ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. अक्षर ओळखूनही पाकीट उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. आम्ही सगळे बरे आहोत. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती मुद्दाम 'स'चेच शब्द शोधून बोलते. भावजींचा गुडघा कसा आहे?

आता एक विचारतो, रागावू नकोस. गेल्या आठवड्यात तू 'बिनधास्त बोला' हा तीन दिवसांचा, नव्याण्णव रुपयांचा वर्ग केलास ना? याला कसं कळलं, म्हणशील. अगं, मी तिथेच नोकरीला आहे. शिकवायला नाही, वर्ग संपल्यावर फोन करणाऱ्यांच्या खोलीत.

त्या नव्याण्णवात आमचा चहासुद्धा सुटत नाही. वर्ग असतो तो तुम्ही शेवटी फॉर्म भरावा म्हणून. काय जमत नाही, कधीपासून, किती खर्च करू शकाल. ज्याचं दुखणं मोठं, त्याच्या फॉर्मवर आम्ही 'गरम' लिहितो आणि त्याला सहा महिन्यांच्या कोर्ससाठी फोन जातो. कोर्सचे चाळीस हजार. आकडा सांगितला की आपण गप्प बसायचं, असा नियम आहे; जो आधी बोलेल तो हरला. खोटं कशाला सांगू, मला त्यात मजा येते. गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, याचं भारी कुतूहल वाटतं.

तुझा फॉर्म शेजारच्या टेबलावर आला होता. सासरचं आडनाव, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. माझे तीन गरम देऊन तो मी मागून घेतला. खर्चाच्या रकान्यात तू लिहिलंयस, 'नव्या शिलाई मशीनसाठी साठवलेत, ते देईन.' आणि कधीपासून बोलता येत नाही, तर 'बाबांच्या निरोप समारंभापासून.' माझा उल्लेख कुठेच नाही. मी दोनदा शोधला.

त्या दिवशी तू कागद न बघता बोलत होतीस. मध्येच थांबलीस. मला वाटलं, अडली, आता फजिती होणार. मी तुझ्या हातातून माइक घेतला, दोन विनोद केले, हॉल हसला आणि तू खाली जाऊन बसलीस. त्याला चार वर्षं झाली. सगळ्यांना मी सांगत आलो की ताईच माझ्याशी बोलत नाही.

दिवसभर लोकांचं गप्प बसणं ऐकून आता कळतं, थांबणं वेगळं आणि अडणं वेगळं. तू थांबली होतीस. चूक माझी होती, आणि मला तिची लाज वाटते.

कोर्स घेऊ नकोस, मशीन घे. तुला फोन मीच करायचा आहे आणि तो मी करणार नाही. केला तर तोंडून ऑफिसचाच आवाज निघेल, म्हणून हे पत्र. पण राहिलेले फॉर्म महिनाअखेर दुसऱ्याकडे जातात. तेव्हा फोनवर कुणी फार गोड आवाजात 'ताई' म्हणालं, तर तो मी नव्हे. सरळ ठेवून दे.

फक्त एक सांग. थांबण्याआधी तू म्हणाली होतीस, "बाबा कामावरून घरी आले की आधी..." आधी काय, गं? चार वर्षं डोक्यात घोळतंय. बाबांनाही विचारलं, ते म्हणाले, "तिलाच विचार."

म्हणून विचारतोय. आमच्या खोलीच्या नियमाने बघितलं, तर मी आधी बोललो.

हरलेला,
तुझा धाकटा