उसाच्या लग्नाचं बोलावणं

चेपर,
१२ मार्च १९९९

प्रिय दिक वार्तिनी हीस,
थोरल्या भावाचे धाकट्या बहिणीला अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या म्बाक्युचे, म्हणजे या घरच्या मालकिणीचे, गुडघे सोडून. पण ते ठीक होते असा काळ मला तरी आठवत नाही.

पत्र लिहायला कारण चांगलं आहे. काल तिर्तोमानिस साखर कारखान्याचा माणूस सायकलवरून आला आणि उसाच्या लग्नाची पत्रिका देऊन गेला. मी भट्टीपाशी होतो. हात पुसले आणि दोन्ही हातांनी घेतली, बापाक घ्यायचे तशी. गेल्या वर्षअखेर तुझ्या घरी बसून आपलं ठरलं होतं ना, की यंदा कारखान्याने हाक मारली नाही तर फाउंड्री बंद करायची आणि शेड त्या बसवाल्याला गॅरेजसाठी देऊन टाकायची? निम्मी मालकीण तू, म्हणून पहिल्यांदा तुलाच कळवतोय. हाक आली.

आपल्याकडे कागदी ऑर्डर आधी कधी आलीच नाही, हे तुलाही ठाऊक आहे. आधी यायचं ते लग्नाचं बोलावणं, हंगामाचे पहिले दोन ऊस नवरा-नवरी म्हणून गिरणीत घालायच्या दिवसाचं. ज्यांच्या उसाच्या लग्नाला आपण जायचं, त्यांच्या गिरणीचे ऊस पिळायचे रोलर आपण ओतायचे. कागद मागाहून, गाळप सुरू झाल्यावर, सवडीने. जावात डच साहेब होते तेव्हा हीच रीत, साहेब गेल्यावरही हीच. म्हणून कालच जुमेरीला सांगून टाकलं की तीन रोलरचे वाळूचे साचे भरायला घे. तो आपला जुना मिस्त्री, त्याला सगळ्यात शंका. पाक, आधी कागद येऊ द्या की, म्हणाला. मी म्हटलं, नवरीच्या मामाला कोणी ऑर्डर पाठवतं का?

पूर्वी पत्रिकेबरोबर पिवळ्या भाताचा डबा यायचा. यंदा नव्हता. पण पत्रिका काय सुरेख आहे! गुळगुळीत कागद, रंगीत चित्र. मी ती आरशाला खोचून ठेवलीये.

परवा वाळू चाळताना उगाच शाळा आठवली. गुरुजी आमच्याकडून कविता म्हणून घ्यायचे, आणि नेमका एखाद्या ओळीच्या मध्यावर कारखान्याचा भोंगा व्हायचा. मग पाट्या दप्तरात. त्या सगळ्या कविता मला अजून भोंग्यापर्यंतच पाठ आहेत. पुढे काय झालं, नदी ओलांडली की नाही, पाखरू घरी पोचलं की नाही, कोण जाणे. बापाकनी शाळेतून काढून भट्टीवर उभं केलं नसतं तर कदाचित कळलं असतं.

लोभ आहेच. कमी वाटला तर वरून थोडा कोळसा घाल.

तुझा,
कांगमास प्रानोतो

*

सेमारांग,
२४ मार्च १९९९

ती. कांगमास यांस,
गुडघे टेकून नमस्कार, वि. वि. (म्बाक्युंना सांगा, माझे अजून टेकतात.)

पत्र पोचलं. प्रिहादीला मोठ्याने वाचून दाखवलं. मामांचं पत्र ऐकून तो म्हणाला की मामांनी फाउंड्री चालवण्याऐवजी रेडिओवर नोकरी करायला हवी होती.

तुम्हाला आनंद झालाय आणि मी त्यात पाणी ओतणार, हे लहानपणापासूनचं आपलं चालत आलंय. पण राहवत नाही. गेल्या महिन्यात मी क्लातेनहून बसने आले. खिडकीशी बसले होते. पूर्वी तिर्तोमानिस जवळ आलं की दोन्ही बाजूंना ऊस, आकाशसुद्धा दिसायचं नाही. आता कारखान्याच्या भिंतीपर्यंत भात. शेजारची बाई सांगत होती की ऊस लावायची सरकारी सक्ती उठली आणि लोकांनी एका हंगामात शेतं पालटली. मग ऊस कुठे आहे, कांगमास? लग्न लावायला दोन कांड्या पुरतात. गाळायला पुरतात का?

तुम्ही सायकल काढा आणि कारखान्यात जाऊन सरळ विचारा की यंदा गाळप आहे ना. एवढंच. साचे भरून झाले असतील तर राहू देत, पण ओतण्याआधी विचारा. भट्टीत घालायच्या कोकचा भाव आता पूर्वीचा नाही, आणि रोलरच्या त्या तीन धुडांसाठी तुम्ही अख्ख्या अंगणातलं मोडीचं बीड वितळवणार, हे मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट. रागावू नका, आधी पूर्ण वाचा. प्रिहादी खेळाच्या सामानाच्या दुकानात आहे. रुपिया घसरल्यापासून बाहेरचा माल त्यांना परवडत नाही, आणि डंबेल्सना मागणी भयंकर. म्हणजे बिडाचे दोन गोळे आणि मध्ये मूठ. इथे तरुण पोरं संध्याकाळी पैसे भरून एका खोलीत जातात, लोखंड उचलतात, परत खाली ठेवतात आणि घरी येतात. मलाही कळत नाही. पण दुकानदार म्हणतो, चेपरमधून जेवढी येतील तेवढी हवीत.

तुमचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. तरी लिहिलं.

बसवाल्याचा फोन येतो. मी त्याला थांबवलंय.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
वार्तिनी

*

चेपर,
३ मे १९९९

प्रिय दिक वार्तिनी हीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लग्न उरकेपर्यंत हातात लेखणी धरवेना, आणि उरकल्यावर तर मुळीच नाही.

तू म्हणालीस तसं विचारायला मी गेलो नाही. लग्नाला बोलावल्यावर, जेवण आहे का म्हणून आधी चौकशी करायला कोणी जातं का, असं मला वाटलं. रोलर ओतले. तिन्ही चांगले उतरले. जुमेरीने हातोडीने ठोकून पाहिले तर देवळाच्या घंटेसारखा आवाज.

लग्नाला वऱ्हाड मोठं होतं. नवरदेवाचं नाव बागुस लेगावा, नवरीचं रारा मानिस. दोन्ही ऊस माणसाहून उंच, बाटिक नेसवलेले, शेंड्याला मोगरा. मशिदीतल्या मोदिनने लग्न लावलं. मी पहिल्या रांगेत, तुझ्या म्बाक्युने इस्त्री केलेल्या सदऱ्यात. वरात गिरणीकडे निघाली तसा मी पुढे झालो, कारण जोडपं रोलरवर ठेवताना आपल्या घरचा हात लागतो. आधी बापाकचा लागायचा.

आत वाफ नव्हती. जुन्या रोलरांवर लाल गालिचा अंथरला होता. नवरा-नवरीला त्यावर निजवलं, लोकांनी फोटो काढले, टाळ्या झाल्या. मी वाट पाहत उभा राहिलो. मला वाटलं, फोटो झाले की गालिचा काढतील आणि चालू करतील. तर दोघांना उचललं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीवर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती. आधीच बनवून घेतलेली.

नवे व्यवस्थापक वयाने प्रिहादीएवढे, फार नम्र. मला एयांग म्हणतात, आजोबा. त्यांनी सांगितलं की गाळप यंदा नाही आणि पुढेही नाही. उरलासुरला ऊस दुसऱ्या कारखान्याला जातो. इथे आता लोक बघायला येतील, उसाच्या छोट्या आगगाडीत बसतील, कॉफी पितील, शाळांच्या सहली येतील. मी रोलरांचं सांगितलं. आधी त्यांना कळेना. कळल्यावर त्यांनी चष्मा काढून हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, “एयांग, आम्ही तर फक्त लग्नालाच बोलावलं होतं.”

मग म्हणाले की एक रोलर फाटकाशी ठेवू, चंदेरी रंग देऊ, खाली तुमच्या वडिलांचं नाव घालू. मी म्हटलं, विचार करतो. विचार केला नाही.

त्या पोराचा मला राग येत नाही गं. राग आला असता तर बरं झालं असतं, थोडी ताकद आली असती. घरी आल्यावर तुझ्या म्बाक्युने विचारलं, जेवण कसं होतं. मी म्हटलं, चांगलं होतं.

रोलर अंगणात ताडपत्रीखाली आहेत. पुढच्या हंगामात कोणाला तरी लागतील. जावामध्ये कारखाने काय कमी आहेत? तोवर बसवाल्याला अजून थोडं थांबव. इकडे बाकी सर्व ठीक, माणसं खुशाल.

लोभाचं काय लिहू, तो तुझ्याकडेच शिलकीत असेल.

तुझा,
कांगमास

*

सेमारांग,
१७ मे १९९९

ती. कांगमास यांस,
नमस्कार, वि. वि.

आज थट्टा करत नाही.

जुमेरीची बायको परवा इकडे लेकीकडे आली होती, तशी मला भेटून गेली. करक, भाताच्या तळलेल्या पापड्या, घेऊन आली होती, दोन पिशव्या. तिच्याकडून कळलं की माणसं खुशाल नाहीत. आपल्या फाउंड्रीतली अर्धी वीटभट्टीवर कामाला गेली आहेत. भट्टी लग्नाच्या आधीपासून थंड आहे. तुम्ही रोज सकाळी ताडपत्री काढून रोलरांना तेल पुसता, आणि संध्याकाळी त्यातल्या एकावर बसून राहता. पावसाची सर आली तरी उठत नाही. म्बाक्यु छत्री घेऊन येतात आणि त्याही शेजारी बसतात. यातलं एक अक्षर तुमच्या पत्रात नाही.

आणखीही कळलं. प्रिहादीने पाठवलेला दुकानाचा माणूस तुमच्याकडे येऊन गेला. त्याला तुम्ही चहा पाजलात आणि वर हे ऐकवलंत:

बिडाने ज्या ऊस पिळावा,
त्याने का हो दंड फुगवावा?

बिचाऱ्याने ते लिहून आणलं. दुकानात सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

कांगमास, ते रोलर तिर्तोमानिसच्या मापाचे आहेत. दुसऱ्या कुठल्या गिरणीत बसत नाहीत, हे मीसुद्धा जाणते. बापाकच्या घरात मीही वाढले, फक्त मला भट्टीजवळ येऊ देत नव्हते. अंगणातलं सगळं बीड त्या तिघांत अडकलंय. डंबेल्स करायची तर तेच फोडून वितळवावे लागतील. दुसरा माल घ्यायची आपली ऐपत नाही. फोडायचे नसतील तर तसं लिहा. मी बसवाल्याच्या कागदावर सही करते, रोलर शेडबरोबर जातील आणि तो ते भंगारात काढील. त्यात लाज नाही. तुम्ही पुष्कळ केलंत.

मी तुमच्या वतीने ठरवणार नाही. एवढंच सांगते की मलाही आता फार लांबवर ओढवत नाही. बसवाल्याला मी जूनअखेरचा शब्द दिलाय.

म्बाक्युंना भिजू देऊ नका.

आपली,
वार्तिनी

*

चेपर,
२१ जून १९९९

प्रिय दिक वार्तिनी हीस,
आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र बरेच दिवस सदऱ्याच्या खिशात होतं. धुवायला टाकताना तुझ्या म्बाक्युने काढून वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाचा बोळा शोधत होतो तर सापडेना. विचारलं तर म्हणाली, चुलीत घातला.

मग जुमेरीला बोलावलं. आम्ही अंगणात तीन खांबांची तिवई उभी केली, वर चेन पुली, तिला पोलादाचा गोळा. गोळा वर चढवून अडकवला की दोर ओढायचा, तो सुटून खाली येतो. मोडीचं बीड आपण असंच फोडत आलो. जुमेरीने सगळं बांधलं आणि दोर माझ्या हातात दिला. म्हणाला, साचा मी भरलाय पाक, मला सांगू नका. मलाही त्याला सांगवलं नसतं.

पहिल्या घावाला काही झालं नाही. नंतरच्याही नाही. प्रत्येक वेळी मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून माझंच मला हसू येत होतं. गोळा चढवायचा, दोर ओढायचा. मधे बसायचं, विडी ओढायची. शेजारपाजारचे येऊन कुंपणाशी उभे राहिले आणि कंटाळून गेले. दुपार कलल्यावर कधीतरी आवाज बदलला. घंटेचा आवाज गेला आणि मडक्याचा आला. जुमेरीने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या घावाला रोलर उभा दुभंगला आणि दोन बाजूंना कलंडला.

दिक, मी जन्मभर रोलर ओतले, पण एकही आतून पाहिला नव्हता. आपला रोलर फुटत नसे. तो वरून झिजत जायचा, आणि झिजला की कारखाना नवा मागायचा. आत पोकळी राहिली का, वाळूचा खडा अडकला का, हे ओतणाऱ्याला कळायला मार्ग नाही. वरून ठोकायचं, कान लावायचा, आणि विश्वास ठेवून गाडीवर चढवायचा. बापाक तसेच गेले. मीही तसाच गेलो असतो.

ओणवं होऊन पाहिलं. फुटीची जागा राखाडी, बारीक कणाची, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखी. पहाटे नांगरलेल्या ओल्या जमिनीसारखी. एक बुडबुडा नाही. जुमेरीने अंगठा फिरवत नेला आणि टोकाला जाऊन थांबला. मग परत उलटा फिरवत आणला. मी तुझ्या म्बाक्युला हाक मारली. ती हळूहळू आली, पदराने हात पुसून तिनेही हात लावला. आतून गार आहे, म्हणाली. मग म्हणाली की दोघांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

उरलेले दोन पुढच्या दिवसांत फोडले. तेही तसेच निघाले. आता पाहायचं राहिलं नव्हतं, तरी प्रत्येक वेळी आम्ही ओणवे होऊन पाहिलं.

भट्टी गुरुवारी पेटवली. वीटभट्टीवर गेलेल्यांपैकी बरेच जण परत आले. दोघं नाही आले, त्यांना तिकडे बरं वाटतंय. डंबेल्सचा साचा अगदी सोपा आहे. जुमेरीला झोपेत भरता येईल, आणि तो साधारण तसाच भरतो. ओतलेला पहिला नग त्याने उचलून पाहिला, खाली ठेवला आणि मला विचारलं की आता मी घरी जायचं का.

बसवाल्याला नाही म्हणून कळव. माझ्यातर्फे माफी माग, फार थांबला तो. प्रिहादीला सांग, पहिली खेप पुढच्या आठवड्यात बसने पाठवतोय. दुकानात त्यांनी हवं तर हातोडीने ठोकून पाहावं, नको तर नको. बीड आतून कसं आहे ते आम्ही पाहिलंय. तुला कळवलं, बाकी कोणाला सांगायचं कारण नाही.

मी थकलोय, पण आजारी नाही. असाच लोभ राहू दे.

तुझा,
कांगमास प्रानोतो