ढिगाची माती

डिचोली, २१ जुलै १९९६

सौ. अनुसयास भैरूकडून मायेचा आशीर्वाद.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा आता कसा आहे? आपली पूनम शाळेत रमली का?

बंद खाणीच्या मातीच्या ढिगावर आम्ही दोन वर्षं झाडं लावतोय, हे तुला ठाऊक आहेच. खालच्या खाणीतल्या पाण्यावर आता बगळेही येतात. पण मंगळवारी मोठ्या पावसात ढिगाची एक बाजू झाडांसकट सुटली आणि लाल गाळ बाबलीकाकांच्या भातात जाऊन बसला. मी तापानं पडलो होतो तेव्हा रोज पेज आणून देणारे हेच ते काका. बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "भैरू, वर्साचें भात गेलें रे."

गुरुवारी पणजीहून पाहणीला सरकारी माणसं आली. खाण कंपनीच्या आमच्या साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, "विचारलं तर गाळ ओहोळाचा म्हणून सांग." त्या माणसांनी विचारलं. काका शेजारीच उभे होते. मी सांगून टाकलं, "आमच्या ढिगाचा आहे."

तेव्हापासून साहेब माझ्याशी बोलत नाहीत. हजेरीला नाव मात्र अजून पुकारतात.

सुटी झाली की मी काकांबरोबर गाळ उपसतो. खाली भाताची काही रोपं जिवंत सापडतात.

आईला यातलं काही सांगू नकोस. गावाकडच्या काजू कारखान्यात माणूस लागतो का, ते तुझ्या भावाला सहज विचारून ठेव.

पूनमला जवळ घे.

तुझाच,
भैरू