मेंढ्यांना नावं असतात

४ फेब्रुवारी
साखऱ्यात पोहोचले. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेमणूक आणि मुक्काम लिंबाजीमामांच्या घरी. सुभद्रामामींच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, तरी हात थांबेना. दोघंही मला 'रागिणीताई, तुमी' म्हणतात. आईला सांगितलं तर हसेल. प्रत्येक मेंढीला नाव आहे. चांदणी रुसली, मोरी आज खाईना, असं मामी जावांविषयी बोलावं तसं बोलतात.

७ फेब्रुवारी
मामी रोज सगळ्यांचं उष्टं एका जर्मनच्या ताटलीत कालवून मागच्या कोठ्यात, म्हणजे मेंढ्यांच्या गोठ्यात, नेतात. कोणाला, विचारलं तर म्हणाल्या, हाय ते एक, पडून असतंय. म्हातारं कुत्रं असेल. पण घाण वास खोलीपर्यंत येतो. आज घास उतरला नाही.

९ फेब्रुवारी
कुत्रं नव्हे, बाई आहे! मेंढ्यांच्या लेंड्यांत लोळलेलं पोतं अंगावर, तोंडाला वाळलेलं पिठलं, त्यावर माश्या. मला ओकारीच आली. मामांना विचारलं. म्हणाले, आमची माय होती, काम व्हायचं तवर. आता ते हाय, त्याला काय तकलीफ न्हाई.

होती म्हणे! समोर श्वास घेतेय ना!

तिच्या डाव्या कानाला तिरपी कातर दिलेली आहे. आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून मामा त्यांचे कान असेच कातरतात. मामी म्हणाल्या, कोठ्यात ऱ्हातंय, मग खूण नको व्हय?

शी. या घरचं पाणीसुद्धा नको.

१० फेब्रुवारी
कोठ्यातल्या बाईंना न्हाऊ घातलं. नाव विचारलं तर किती वेळ नुसत्या रडल्या, मग म्हणाल्या, धुरपता. उद्या धुरपताबाईंना गावच्या जीपमधून जवळच्या गोरेगावला माणसांच्या दवाखान्यात नेणार, मामा आडवे आले तरी.

११ फेब्रुवारी
त्यांना उचलताना लेंड्यांवरून घसरले. पाय मोडलाय. मामा म्हणतात, आज जीप न्हाई. फोन चार्जिंगला म्हणून मामींनी नेला. खोलीची पायरी चढवत नाही म्हणून माझं अंथरूण इथंच, कोठ्यात. दोघींना ताटली एकच.

१३ फेब्रुवारी
उष्टं खाल्लं. माझीच मला किळस येते.
दारातून मामींनी विचारलं, त्यानं खाल्लं का? मला नाही, मामांना विचारलं. मी ओरडले, रागिणी, रागिणी म्हणा! मामा म्हणाले, काहून वरडून राहिलं ते?

१४ फेब्रुवारी
अंगात ताप. अंगणातून मामींनी चांदणीला हाक मारली.
मी ओ दिली.

१५ फेब्रुवारी
उंबऱ्यावर मामा कातर घासताहेत — धुरपताबाईंनी माझा डावा कान तळहातानं झाकलाय — हात काढत नाहीत —

मामा आत आले. आज त्यांनी धुरपताबाईंना माय म्हटलं. म्हणाले, माय, त्याचं डोकं धर बरं, एवढं काम कर —

हात कानावरून उठला. केसांत — घट्ट — धुरपताबाई, मी तुमचं नाव —