टाकीत ओतलेलं फिनेल

प्रिय,

हा शब्द पत्राची रीत म्हणून लिहिलाय, हुरळून जाऊ नकोस. तुझा फोटो छापलेलं पत्रक इथवर पोचलं. गळ्यात टाय, हातात पेला आणि पेल्यात म्हणे तुमच्या कारखान्याचं शुद्ध केलेलं सांडपाणी. पितानाचा फोटो मात्र नाही. घोटभरही प्यायला नसशील. घरचा चहासुद्धा वास घेऊन पिणारा माणूस तू, माझ्याशिवाय कोण ओळखणार तुला?

इकडची बातमी अशी की टाकी मेली. रंगखात्यामागची, तिथलं सांडपाणी शुद्ध करणारी, आपण दोघांनी उभी केलेली तीच. हल्ली मालकांचा जावई कारभार बघतो. सासऱ्याने मुलीबरोबर कारखानाही दिला, अक्कल तेवढी द्यायची राहिली. परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येणार म्हणून त्याने भिंती रंगवल्या, कुंड्या मांडल्या आणि टाकीपाशी येऊन नाक मुरडलं. आपला गाळ तब्येतीत असला की ओल्या मातीसारखा वास येतो, हे तुला सांगायला नको. या शहाण्याला ती घाण वाटली. मी टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे सुटे भाग आणायला बाहेर गेले होते, तेवढ्यात त्याने टाकीत फिनेलची पिंपंच्या पिंपं ओतायला लावली. परतले तर टाकीवर पुरुषभर फेस आणि इस्पितळाच्या फरशीचा वास. मी बोंब ठोकली, तर उलट मलाच समजावतो, "मॅडम, जंतू मारायलाच तर एवढा प्लान्ट बांधलाय ना?"

पदवी आहे हो त्याच्याकडे, चांगली जाडजूड कागदावरची. रंग खाणारे जंतूच मेले तर रंग कोण खाणार, हा धडा तेवढा गाळला असावा. मेलेल्या जंतूंचा बुळबुळीत थर पाणी गाळणाऱ्या मेंब्रेनच्या पडद्यांवर बसला आणि त्यांतून पाणीही झिरपेना. मी पडदे काढून औषधात भिजवले, घासले, हाताची सालं निघाली. पडदे वाचतील. पण पाणी पडद्यांपर्यंत पोचण्याआधी त्यातला रंग खाणारं टाकीत कुणी उरलेलं नाही. पाहुण्यांना लालभडक पाणी दिसलं, प्रदूषण तपासणीच्या साहेबांनी सील ठोकलं. आता जावई गावभर सांगतो की बाईला प्लान्ट सांभाळता आला नाही. महिनाअखेर टाकी सुरू झाली नाही तर रंगखात्याला कायमचं टाळं आणि मला नारळ. टाळ्याची मला भीती वाटते. त्या खात्यातल्या बायका माझ्याकडे बघतात, त्याच्याकडे नाही.

शहराच्या सांडपाण्याचा गाळ आणून ओतून पाहिला. आमचं पाणी चाखताच त्याने मान टाकली. त्याची सवय वेगळी, आपल्या जंतूंना रंग पचवायला शिकवण्यात आपली उमेदीची वर्षं गेली होती.

घर सोडून गेलास तेव्हा भांड्याकुंड्यांना हात लावला नाहीस, टाकीतला गाळ मात्र दोन पिंपं भरून नेलास. मी दारात उभी राहून तुला गाळचोर म्हणाले आणि तो शब्द आजही मागे घेत नाही. पण त्या जंतूंचा वंश आता फक्त तुझ्याच टाकीत जिवंत आहे, आणि आपल्या दोघांचं म्हणावं असं दुसरं काही शिल्लक नाही. त्यातला एक टँकर भरून दे. वाटेत हवा सोडत राहावी लागेल, नाहीतर गुदमरतील. ते काम ड्रायव्हरवर टाकू नकोस. तूच घेऊन ये.

कागदोपत्री अजून तुझीच