धागा तुटल्याची खूण

प्रिय नेत्रा,

शनिवारी रात्री मी ‘शटर’मध्ये होते. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, आता तसंच राहू देते. तू तुझ्या मैत्रिणीकडे, मेघालीकडे, पडघ्याला अभ्यासाला गेली आहेस असं मी समजत होते आणि मी कल्याणच्या बैठकीला गेले आहे असं तू समजत होतीस. दोघी एकमेकींशी खोटं बोललो आणि एकाच गोडाऊनमध्ये येऊन उभ्या राहिलो. तू मला पाहिलं नाहीस. आत्ता तू भिंतीपलीकडे आहेस, हाक मारली तर ओ देशील, तरीही लिहिते आहे, कारण मी तोंड उघडलं की भाषण सुरू होतं. फेब्रुवारीपासून तू माझ्याशी ‘हो’, ‘नको’, ‘जेवले’ यापलीकडे बोललेली नाहीस. यापुढे बोलशील की नाही, ते हे पत्र वाचून झाल्यावर ठरव.

मी तिथे तुला शोधायला आले नव्हते, हे आधी सांगते. ‘शटर’ हे नाचघर बंद पाडण्यासाठी सह्या कोण गोळा करतंय ते तुला माहीत आहे, आपल्याच ओट्यावर कागद पडलेले असतात. तीन सभांमध्ये मी त्यावर बोलले. ज्या गावात बायकांनी मागाच्या सुताच्या कांड्या भरभरून मुली शिकवल्या, त्या गावात विद्यार्थ्यांच्या नावाने नाचघर काढता, असं नारपोलीच्या चौकात विचारलं आणि टाळ्या घेतल्या. ‘आमच्या मुलींना पुस्तकांची जागा हवी, काळोखाची नको’ हे वाक्य तर पेपरात चौकटीत छापून आलं. मग अंबाडीच्या सभेत मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिने शांतपणे विचारलं, मॅडम, तुम्ही आत जाऊन आलात का? लोक हसले, मीही हसले, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न गेला नाही. न वाचलेल्या पुस्तकावर मी आयुष्यात कधी बोललेले नाही. न पाहिलेल्या जागेवर मात्र तीनदा बोलले होते. म्हणून ठरवलं की जायचं, डोळ्यांनी बघायचं, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या अभ्यासिकेच्या दहाव्या वर्धापनदिनाला पुराव्यासकट बोलायचं.

रिक्षावाला नाशिक हायवेवरून आत वळताना दोनदा आरशात बघून म्हणाला, ‘आंटी, पक्का इधरिच जाना है?’ दाराशी पिशव्या तपासायला काळ्या टी-शर्टातली एक धिप्पाड बाई होती, राहीबाई. तिने मला लगेच ओळखलं. ‘ताई, तुमी? बंद कराया आल्या का बगाया?’ बघायला, म्हटलं. तर म्हणे, ‘मंग बगा नीट. तुमच्या भाषणाला मी अंबाडीला आलती. लय भारी बोलता, पन आमचं कोनी काय इचारलं न्हाय.’ तिने माझ्या मनगटावर शिक्का मारला आणि तेवढ्यात सांगून टाकलं की इथे दारू मिळत नाही, अकराला शटर खाली येतं, आणि प्रत्येक पोरगी ज्या रिक्षात बसते तिचा नंबर ती स्वतः वहीत लिहिते. कुठल्या पोराने हात लावला तर पोरीने फक्त माझ्याकडे बोट दाखवायचं, बाकी मी बघते, असंही म्हणाली. हे सगळं बनवाबनवीचं आहे, असं मी मनात म्हणत आत गेले.

आत गेले आणि आवाज अंगावर कोसळला. छातीच्या फासळ्या वाजत होत्या. सहाशे-सातशे मुलंमुली असतील, घामाने भिजलेली, हात वर करून उड्या मारणारी. निळे दिवे लागत होते, विझत होते. मी शेजारच्या मुलीला काही विचारायला गेले तर माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पंधरा हजारांच्या सभेत माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारी मी, तिथे मुकी झाले. घाबरले, खोटं कशाला सांगू. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आणि मग हळूहळू लक्षात आलं की ही जागा माझ्या ओळखीची आहे. हा धडधडाट मी चार वर्षांची असताना ऐकलेला आहे.

तुझ्या आजीने, शेवंताबाईने, मला कडेवर घेऊन कांड्या भरल्या, हे तू ऐकलेलं आहेस. पण लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असलेली शेड तू कधी पाहिली नाहीस. चोवीस लूम एकदम चालत, धोटे डावीकडून उजवीकडे आपटत, आणि त्या आवाजात बारा तासांच्या शिफ्टमध्ये कुणी कुणाशी तोंडाने बोलू शकत नसे. म्हणून माणसं ओठ मोठे हलवत आणि बोटांनी बोलत. आझमगडचा चाचा आणि अंबाडीचा कोंडू, म्हणजे तुझे आजोबा, दोघांची भाषा वेगळी, पण खुणा एकच. तर्जनी हवेत गोल फिरवली की लूम चालू ठेव. पालथा पंजा खाली दाबला की लूम बंद कर. आणि दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींत अडकवून झटकन सोडवल्या, की धागा तुटला, हातातलं टाक आणि इकडे ये. त्या खुणेवर कुणी थांबलं नाही तर सगळं कापड खराब होतं, म्हणून ती खूण दिसली की मालकसुद्धा वाटेतून बाजूला होई. मी अक्षरं शिकण्याआधी ओठ वाचायला शिकले. बाबांचे कान पुढे गेलेच. त्यांना ऐकू जावं म्हणून मी लहानपणापासून ओरडून बोलायची, आणि माझा हा आवाज, ज्याची लोक तारीफ करतात, तो त्या बहिऱ्या माणसासाठी मोठा झालेला आहे. तू मात्र ओरडायची नाहीस. तू त्यांच्या मांडीवर बसून बोटांनी बोलायचीस. दुधात साय आली तरी धागा तुटल्याची खूण करायचीस आणि दोघं हसायचात.

तर शनिवारी त्या निळ्या उजेडात पलीकडच्या भिंतीशी मला तू दिसलीस. माझा पहिला विचार लाजेचा होता, तो लिहूनच टाकते: उद्या लोक म्हणतील, बाईंची स्वतःची मुलगी इथे. तुझा हात धरून ओढत बाहेर न्यावं म्हणून मी दोन पावलं पुढेही आले. पण तू नाचत नव्हतीस. मेघाली तुझ्यासमोर पाठमोरी उभी होती, तिने तुझे दोन्ही खांदे धरले होते, आणि तू तिला काहीतरी सांगत होतीस. आवाजामुळे एकेक शब्द सुटा करून, ओठ मोठे हलवून, मध्येमध्ये हातांनी. लूमवर सांगतात तसं. मधल्या सहाशे मुलांना त्यातलं काही कळलं नसेल. मला सगळं कळलं. मी नजर वळवायला हवी होती. नाही वळवली. त्याबद्दल माफी मागते, पण खोटी मागणार नाही, कारण मी वाचलं हे बरं झालं.

‘केसरीकाका’ हे मी आधी वाचलं. अभ्यासिका सांभाळणारे आपले केसरीनाथ? मला वाटलं, चुकलं. मग ‘आतली खोली’. मग ‘कडी लावली’. पुढचं मी इथे लिहिणार नाही. ते तुझं आहे, तुला हवं तेव्हा तू सांगशील, नाहीतर नाही सांगणार. पण त्यानंतर मेघालीने काहीतरी विचारलं, बहुधा आईला सांगितलंस का असं, आणि तू हसलीस. तसं हसू तुझ्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं. तू म्हणालीस, ‘सांगितलं ना. धागा तुटला, म्हटलं. तिने लूम चालू ठेवायला सांगितला.’ आणि तू तर्जनी हवेत गोल फिरवून दाखवलीस. अगदी माझ्यासारखी.

नेत्रा, मला तो दिवस आठवला. भिंतीला टेकून उभी असताना सगळा आठवला. फेब्रुवारीतली ती संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात फोनवर होते, पलीकडे केसरीनाथच होते, वर्धापनदिनाच्या पाहुण्यांची नावं ठरवत होतो. तू दारात आलीस, चप्पलही काढलेली नव्हती. तू दोन बोटं अडकवलीस आणि सोडवलीस. मला वाटलं, आजोबांची आठवण आली असेल, लाडात आली आहे. मी मान डोलावली, हसले, आणि बोट गोल फिरवलं: थांब गं, माझं चालू आहे. तू थोडा वेळ उभी राहिलीस. मग गेलीस. फोन ठेवल्यावर मी विचारलंही नाही. जगात ही खूण माझ्याइतकी नीट कळणारी दुसरी बाई नसेल आणि मी ती चेष्टा समजले. आणि त्यानंतर तू अभ्यासिकेत जायची बंद झालीस, तेव्हा जेवणाच्या ताटावर मी तुला काय ऐकवलं, तेही आठवलं. आजीच्या कांड्या, आजोबांचे कान, पुस्तकांचं मोल. तू खाली मान घालून ऐकत होतीस. मला वाटलं, पटतंय तुला.

वीस वर्षं तो माणूस माझ्या सभांना पहिल्या रांगेत बसला. पहिली टाळी त्याची असायची. अभ्यासिकेची किल्ली त्याच्याकडे राहावी हे मीच ठरवलं, कारण याच्याइतका भरवशाचा कोण, असं मी जाहीर बोलले होते. संध्याकाळच्या मुलींसाठी तो चिक्की आणायचा, तर मी त्याचंही कौतुक केलं. पुस्तकांची जागा म्हणजे सुरक्षित आणि काळोखाची जागा म्हणजे वाईट, ही माझी मांडणी. त्या काळोखात राहीबाई दाराशी वही घेऊन उभी आहे, आणि माझ्या ट्यूबलाइटच्या उजेडात दाराला आतून कडी आहे. मी भोळी होते असं मी म्हणणार नाही. मला माझंच बोलणं फार आवडत होतं.

त्या रात्री मी तुझ्याकडे आले नाही. तू एवढं कुणाला तरी सांगू शकत होतीस, आणि मी आले असते तर तुझा शब्द तोंडातच राहिला असता. मी बाहेर पडले तेव्हा राहीबाई म्हणाली, ‘बगून झालं?’ मी मान हलवली. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मलाही रिक्षात बसवून नंबर लिहून घेतला.

रविवारी सकाळी मी केसरीनाथकडे जाऊन आतल्या खोलीला रंग द्यायचा आहे म्हणून किल्ल्या मागून घेतल्या. तुझं नाव माझ्या ओठांवर आलं नाही, येऊ दिलं नाही. तो हसून म्हणाला, ताई, भाषण तयार झालं का? मी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि पायऱ्या उतरले. आतल्या खोलीची कडी सुताराकडून काढून घेतली आहे. तेव्हापासून संध्याकाळी मुली असेपर्यंत अभ्यासिकेच्या दाराशी मी बसते. वर्धापनदिन पुढे ढकलला, घसा बसलाय असं सांगितलं. आवाजाबद्दल मी पहिल्यांदाच खोटं बोलले. जो तो ज्येष्ठमध चघळायला सांगतोय. वर्धापनदिनाला केसरीनाथच्या सत्कारासाठी आणलेली शाल कपाटात आहे, तिला हात लावावासा वाटत नाही. सह्यांचे कागद मी फाडले आणि अंबाडीच्या त्या मुलीचा पत्ता काढते आहे, तिला उत्तर द्यायचं आहे. पप्पांना काही सांगितलेलं नाही, कारण तू सांगितलेलं नाहीस.

हे पत्र मी माफीसाठी लिहिलेलं नाही, ती मिळायला वेळ लागेल. तुला पोलिसांत जा म्हणावं म्हणूनही नाही. माझ्या जिभेवर पूर्ण भाषण तयार आहे, न्यायाचं, धैर्याचं, बाकीच्या मुलींचं, आणि त्यातला शब्दन् शब्द मला पटतो. तरी ते मी करणार नाही. तू म्हणशील तर चौकीवर तुझ्या शेजारी बसेन, तू म्हणशील त्या चौकात त्याचं नाव घेईन, तू गप्प राहा म्हणालीस तर तुझ्याबद्दल गप्प राहीन आणि त्या दाराशी मात्र बसत राहीन. लिहिलं ते एवढ्यासाठी की फेब्रुवारीत तू जे सांगितलंस ते मला आता पोहोचलं आहे, आणि त्यातल्या एकाही शब्दाबद्दल मला शंका नाही. उद्या सकाळी मी स्वयंपाकघरात असेन, फोन पप्पांकडे दिलेला असेल. बोलायची गरज नाही. दारात येऊन नुसती दोन बोटं अडकव आणि सोडव. बघ माझा पंजा कुठे आहे ते. पालथा आहे, खाली दाबलेला आहे. लूम बंद आहे, नेत्रा.

तुझ्या हाताकडे बघत बसलेली, तुझीच,
आई