नमुने सोबत जोडले आहेत

३ फेब्रुवारी

लेखनाचं काम मागायला बेकरीवाल्याला पाठवलेल्या पत्रात ‘आपल्या दातांच्या दवाखान्याबद्दल ऐकून आहे’ असं गेलं! आदल्या दिवशीचंच पत्र, वरचं नाव बदललं, मधली ओळ तशीच राहिली. गाढवपणा, दुसरं काय! पण त्याचं उत्तर आलं — ‘आमचे पाव इतके कडक नाहीत.’ कितीतरी दिवसांत आलेलं पहिलं उत्तर. पुन्हा पुन्हा वाचलं.

५ फेब्रुवारी

ताईला फोनवर पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, “अरे, काम मागतोयस की स्थळ म्हणून परिचय देतोयस? शिक्षण, छंद, स्वभाव! समोरच्याला काय हवंय ते विचारलंस का कुठे?” बरोबर आहे तिचं. कापून चार ओळी केल्या. शेवटी नेहमीचं — ‘लेखनाचे नमुने सोबतच्या लिंकवर आहेत.’ नमुने तरी चांगले आहेत. त्यातल्या त्यात अण्णांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरचा लेख.

मग ती हळूच म्हणाली, “अण्णांना फोन कर ना रे. वडील आहेत आपले.” नाही करणार! नोकरी सोडली तेव्हा म्हणाले होते, “लिहून कुणाचं पोट भरलंय?” तरी तो लेख झाल्या झाल्या पहिली लिंक मी त्यांनाच पाठवली. ‘वाचलं’ एवढंसुद्धा नाही. शिव्या द्या हवं तर — पण काहीतरी बोला!

८ फेब्रुवारी

आणखी पत्रं गेली. सगळीकडे सामसूम.

१२ फेब्रुवारी

आज दिवसभरात माझ्याशी एकच माणूस बोललं. कोपऱ्यावरची दुकानदारीण — “पिशवी हवी?” नको होती, तरी हो म्हटलं.

जुन्या ऑफिसातल्या साहेबांचा निरोप आला. “तुझी जागा अजून रिकामी आहे. चार दिवसांत काय ते कळव.” जावं झालं. इतक्यांनी वाचून गप्प बसायचं म्हणजे लेखनातच दम नसणार. अण्णांचंच खरं म्हणायचं.

१५ फेब्रुवारी

साहेबांना होकार द्यायला फोन हातात घेतला, तेवढ्यात तोच वाजला. साबण बनवणाऱ्या बाई — मागच्या महिन्यात त्यांना पत्र टाकलं होतं. “अहो, काम हवंय ना तुम्हाला? मग नमुन्यांना कुलूप कशाला? परवानगी मागून मागून थकले मी!”

कुलूप! ‘सगळ्यांना वाचू द्या’ हे बटण दाबायचंच राहिलं होतं. मला उघडत होतं, म्हणून जगालाही उघडत असणार असं धरून चाललो! आणि परवानगीच्या विनंत्या जात होत्या माझ्या जुन्या ईमेलवर — नोकरी सोडल्यापासून मी तिकडे फिरकलोच नाही.

म्हणजे कुणी नाकारलं नव्हतं. कुणी वाचलंच नव्हतं! खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. कुलूप काढलं. बाई वाचून कळवणार आहेत. साहेबांना अजून काही बोललो नाही. जुना ईमेल उघडायचा धीर होत नाहीये. पासवर्डही आठवत नाही.

१६ फेब्रुवारी

पासवर्ड बदलून उघडला. दातांचे डॉक्टर, साबणवाल्या बाई. बाकी सगळ्या विनंत्या अण्णांच्या. पहिली मी लेख पाठवला त्याच संध्याकाळची, खाली एक ओळ — ‘चष्मा लावून बसलोय. उघडत नाही.’ पुढच्यांत ओळ नाही, नुसती विनंती. मीच परवानगी देत नाहीये असं वाटलं असणार त्यांना.

शेवटची परवाची आहे.