खुंटीवरचा पेला

प्रिय बारक्या,

तुझेही केस आता पिकले असतील, पण मला दुसरं नाव सुचत नाही. शाळेत सिस्टर शिकवायच्या, पत्रात आधी हवापाणी, मग खुशाली आणि कामाचं बोलणं शेवटी, म्हणजे वाचणारा तोवर नीट बसून घेतो. तसंच करते. वारा उत्तरेचा आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. आईला आता फारसं दिसत नाही, तरी गल्लीत कोण कोणाशी बोलत नाही ते तिला बरोबर दिसतं.

बातमी अशी, की आपला बंद पडलेला बर्फाचा कारखाना आठवतो ना, तिथे प्रदर्शन भरलंय. शहरातून एक चित्रकार मुलगी आली. घरोघर फिरून जुन्या वस्तू मागायची: मोडकी वल्ही, जाळ्यांचे बुचाचे तरंगते गोळे, काजळलेले कंदील, मासळीच्या टोपल्या. पलीकडच्या काकू म्हणाल्या, भंगारवाला फुकट नेत नव्हता आणि ही बया कापसात गुंडाळून नेते. मांडणशिल्प म्हणतात म्हणे त्याला. तिने वल्ही झाडांसारखी उभी केलीत आणि बुचाचे गोळे छतापासून असे सोडलेत, की खालून चालताना आपण पाण्याच्या तळाशी आहोत असं वाटतं. मला एकदम बाबांच्या ओल्या सदऱ्याचा वास आला. काकूंना मात्र एवढंच दिसलं, की त्यांची टोपली त्यांच्या जावेच्या टोपलीखाली ठेवलीय. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

आपल्या घरी आली तेव्हा ती मुलगी दाराजवळच्या खुंट्यांपाशीच थबकली. एनॅमलचे जुने पेले असे टांगलेले का, म्हणाली. मी तिला पहिल्यापासून सांगितलं, की समुद्रावर निघालेल्याने घोटभर पाणी प्यायचं आणि आपला पेला खुंटीवर अडकवायचा. परत आला की स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. खुंटी पाहिली की कळायचं, घरातलं कोण अजून बाहेर आहे. बाबांचा पेला तर त्या वादळापासून तिथेच होता. आपण दोघं त्याच्याखालून शाळेत गेलो, त्याच्याखालून मोठे झालो, आणि आई रोज त्यावरची धूळ फुंकून उडवायची, बोट न लावता.

आईने विचारलं, काय करणार आहेस गं त्याचं? मुलगी म्हणाली, सगळ्या घरांतले असे पेले कारखान्याच्या दारात वाऱ्यावर टांगणार आहे, आजी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहते तर तिने बाबांचा पेला स्वतः खाली काढलेला. घासून लख्ख केला, पाणी भरलं आणि उभ्याउभ्या प्यायली. मला वाटलं आता रडेल. तर म्हणाली, ‘फार उशीर केलात,’ आणि पेला पुसून त्या मुलीसाठी टेबलावर ठेवला. त्या रात्री ती शांत झोपली. मीच जागी होते.

मुलगी पेला न्यायला आली तेव्हा तिने दुसऱ्या खुंटीकडेही हात नेला. हिरव्या काठाचा, टवका उडालेला. आई खुर्चीतूनच म्हणाली, ‘त्याला हात नको लावूस, पोरी. त्याचा माणूस यायचाय.’

प्रदर्शनाला मी आईला हाताला धरून नेलं. वारा आला तसे पेले एकमेकांवर किणकिणले. तिने मान कलती केली आणि त्या सगळ्यांतून एकाकडे बोट केलं: हा आपला, याचा कान ढिला आहे. मी पाहिलं तर खरंच तोच होता.

आता कामाचं. बाबांनंतर तू होडीवर जायला नकार दिलास, तेव्हा आई जे बोलली ते मी विसरलेले नाही, तूही नसशील. ज्याला पाण्याची भीती त्याने या घरचं पाणी पिऊ नये, म्हणाली होती. भरल्या ताटावरून तू उठलास. पण बारक्या, रागावलेला माणूस दार आपटतो. तू जाताना तुझा पेला खुंटीवर अडकवलास. तू समुद्रावर नव्हता निघालास, किनाऱ्यापासून दूर कुठेतरी निघाला होतास, तरीही. तो आवाज तिने आतून ऐकला होता, हे तिने मला आत्ता, इतक्या वर्षांनी सांगितलं. डोळे अधू झाल्यापासून रोज संध्याकाळी ती भिंत चाचपत जाते आणि पेल्याला न शिवता, खुंटीखाली तळहात धरून उभी राहते. परवा मला म्हणाली, मी गेल्यावर हा कोण काढणार? तुझ्याने व्हायचं नाही, नियम आहे. माफी मागणं तिला येत नाही, ते तर आपल्या घरात कुणालाच येत नाही. मी कागद घेऊन बसले तेव्हा मात्र तिने आपणहून निरोप दिला, आणि हे पत्र त्या निरोपासाठीच आहे. म्हणाली, त्याला लिही, घरात पाणी भरून ठेवलंय.

तुझी वाट बघणारी,
तुझीच ताई